दर शुक्रवारी पुसलेलं पान

पेंटरकाका कॉम्प्युटरच्या काचेवर दोरी मारत. पाट्या रंगवणारी माणसं भिंतीवर मारतात तशीच. खडूच्या भुकटीत घोळवलेली सुती दोरी ते खिशातून काढत, एक टोक माझ्या बोटाखाली दाबायला देत, दुसरं स्वतः ताणत आणि मधोमध चिमटीनं उचलून सोडून देत. काचेवर पांढरी रेघ उमटे. मग चष्मा कपाळावर सरकवून ते त्या रेघेशी पडद्यावरची ओळ ताडून बघत. पहिल्याच दिवशी म्हणाले, "मास्तरीण, तुझं अमेरिकेचं पान डावीकडं कलतंय." पान कलत नव्हतं, टेबल कलत होतं. पण हे कळायला आम्हाला दोन दिवस लागले आणि तोवर मी पानाचा सगळा साचा मोडून पुन्हा बसवला होता.

ही गोष्ट गेल्या वर्षीची, मी सांगलीला बी.एस्सी.च्या शेवटच्या वर्षाला होते तेव्हाची. आमचं गाव पलूसच्या पुढं. आई-वडील दोघंही दुसऱ्यांच्या द्राक्षबागेत कामाला. आमच्या घरातून कॉलेजात गेलेली मी पहिलीच, त्यामुळे कॉलेजात नक्की काय करायचं असतं हे सांगणारं घरी कुणी नव्हतं. वर्गात मी मागून दुसऱ्या बाकावर बसायची आणि शंका आली तर ती वहीत लिहून ठेवायची. कुणाला विचारायची नाही. शेवटच्या वर्षी प्रकल्प करावा लागतो. मी भीत भीत विषय सांगितला: एका अमेरिकन कंपनीकडून इंटरनेटवर रोजनिशी लिहायला फुकट जागा मिळते, तिथले तयार साचे मराठीसाठी बदलून दाखवायचे. कॉलेजातल्या सरांनी मान हलवली. ती होकाराची होती असं मी धरून चालले.

इंटरनेट तेव्हा नवीन होतं, सांगलीत ते असलेली ठिकाणं दोन-तीनच. त्यातलं एक मोमीनसरांचं कॉम्प्युटर सेंटर. सर शांत माणूस. प्रकल्पासाठी त्यांनी मला दुपारची एक मशीन वापरू दिली. त्या रोजनिशीच्या जागेची रीत साधी होती. आपण नाव घालायचं, डझनभर साच्यांतला एक निवडायचा आणि लिहायला लागायचं. आज लिहिलेलं पानावर सगळ्यांत वर दिसतं, कालचं त्याच्याखाली सरकतं, परवाचं त्याच्याही खाली. साचा बदलला की पानाचं रूप बदलतं, मजकूर तोच राहतो. मला साचे बदलता येत होते, पण लिहायला काही नव्हतं. पेंटरकाकांचं बरोबर उलटं होतं.

त्यांची मुलगी नंदा मिरजेला नर्सिंग शिकली आणि मस्कतच्या एका दवाखान्यात नोकरीला गेली. काकांना ते पसंत नव्हतं. घरात दोघंच माणसं, नंदाची आई ती लहान असतानाच गेलेली. तिनं तिकीट काढल्याचं सांगितलं त्या दिवशी काका उठून दाराशी गेले. दारावरच्या पाटीवर तिघांची नावं त्यांनीच रंगवलेली होती. त्यातलं नंदाचं नाव त्यांनी टर्पेंटाइनच्या फडक्यानं पुसून टाकलं. सकाळी बॅग घेऊन निघताना तिनं ते बघितलं. तशीच ती स्टँडकडं गेली. या गोष्टीला दोन वर्षं झाली होती. दिवाळीला तिचं चार ओळींचं पत्र यायचं, तब्येतीची चौकशी आणि खाली नाव. त्या दिवाळीच्या पत्रात मात्र एक ओळ जास्त होती. नर्सांच्या हॉस्टेलवर कॉम्प्युटर आला आहे, महिन्यातून एकदा माझा नंबर लागतो.

ते पत्र घेऊन काका मोमीनसरांकडं आले आणि हे सगळं त्यांनी मला पहिल्याच भेटीत सांगितलं. ओळख ना पाळख. मी माऊस कसा धरायचा ते दाखवत होते आणि ते सांगत होते. शेवटी म्हणाले, "पत्रात लिवायला गेलं की हात थांबतो गड्या. बोर्डावर थांबत न्हाई. बोर्ड करू तिच्यासाठी." माऊस शिकवला म्हणून त्या दिवसापासून मी मास्तरीण झाले. आजवर मला कुणी कसलीही पदवी दिली नव्हती. ती मला फार आवडली, पण मी तसं दाखवलं नाही.

काका मूळचे वाईचे. तिथं घाटावरच्या एका पेंटरकडं रंग घोटून त्यांनी हात बसवला आणि मग सांगलीत एका सिनेमा थिएटरवर बोर्ड रंगवायला आले. बावीस वर्षं तेच काम. दर शुक्रवारी खेळ बदलायचा. सकाळी जुन्या नावावर पांढरा हात मारायचा, तो वाळेपर्यंत चहा, आणि बाराच्या खेळाच्या आत नवं नाव उभं. पुढं थिएटरला छापील कापड येऊ लागलं आणि काका दुकानांच्या पाट्यांकडं वळले. पण शुक्रवार त्यांच्या अंगात राहिला होता. दाढी शुक्रवारी, धुतलेला सदरा शुक्रवारी. आमच्याकडं यायचा वारही त्यांनी शुक्रवारच ठरवला.

साचा निवडताना आमचे दोन शुक्रवार गेले. पहिल्या साच्यात पानभर बर्फ पडत होता. काका बराच वेळ बघत राहिले, त्यांना तो आवडला असं मला वाटलं. मग म्हणाले, "मस्कतात ऊन, सांगलीत ऊन. ह्यो बर्फ कुणाच्या बापाचा?" दुसरा साचा बरा होता, पण त्यात उजव्या कोपऱ्यात तळ्याकाठी बसलेल्या एका गोऱ्या बाईचा फोटो होता. तो मी काढायला गेले तर काकांनी हात धरला. पाटीवरचं माणसाचं चित्र धन्याला विचारल्याशिवाय पुसायचं नाही, असा त्यांच्या धंद्याचा नेम. मी म्हटलं, ही बाई कुणाचीच नाही, साच्याबरोबर आलेली आहे. ते म्हणाले, कुणाची नसंल तर जास्तच जपाय पायजे. ती बाई दोन आठवडे पानावर राहिली. शेवटी मोमीनसरांनी येऊन, मी परवानगी देतो, असं तोंडी सांगितलं तेव्हा ती गेली आणि तिच्या जागी काकांनी काढलेला कृष्णेचा घाट आला. पानाचा आणि मोमीनसरांच्या मेलचा पत्ता मी एका पत्रात लिहून नंदाला मस्कतला पाठवला.

माझ्या प्रकल्पाचं निम्मं डोकं खरं तर काकांचं आहे. साच्यातल्या दोन ओळी इतक्या जवळ होत्या की मराठी मजकूर टाकला की वरच्या ओळीचा उकार खालच्या ओळीच्या वेलांटीत अडकायचा. मला ते दिसत होतं, पण कारण कळत नव्हतं. काकांनी एका नजरेत सांगितलं, "विंग्रजी अक्षर उभं राहिलं की झालं. आपल्याला वर मात्रा हाय, खाली उकार हाय. डोक्यावर आन पायाखाली जागा सोड." ओळींमधलं अंतर दीडपट केलं आणि पानानं श्वास घेतला. प्रकल्पाच्या वहीत हे मी 'निष्कर्ष एक' म्हणून लिहिलं आहे. त्यांचं नाव घालून.

रंगांचंही तसंच. साच्याबरोबर यादीत आलेले रंग त्यांनी एकजात नापास केले. त्यांना आमसुली पाहिजे होता. मी जांभळट काहीतरी काढून दाखवलं की म्हणायचे, ह्ये वांगं झालं, आमसूल भिजल्यावर कसं दिसतं ते बघितलंस का कवा. एकदा त्यांनी खिशातून कागदाच्या पुडीत खरंच भिजवलेलं आमसूल आणलं आणि पडद्याला लावून धरलं. मोमीनसर लांबून बघत होते. त्यांनी ओलं फडकं आणून माझ्याजवळ ठेवलं. कॉम्प्युटरला रंग सहा अक्षरी आकड्यांत सांगावा लागतो. मी प्रत्येक रंगाचा आकडा शोधून त्यापुढं काकांचं नाव लिहीत गेले: आमसुली, विटकरी, मोरपंखी, भिजल्या मातीचा. ती यादी अजून माझ्याकडं आहे.

मजकुराची अडचण वेगळी होती. आमच्या मशीनवरची मराठी अक्षरं मस्कतच्या मशीनवर दिसली नसती, तिथं नुसते चौकोन आणि खुणा उमटल्या असत्या. उपाय एकच, अक्षरांचं चित्र करायचं आणि ते चित्र पानावर चढवायचं. काकांना हे ऐकून उलट आनंद झाला. चित्र काढायच्या प्रोग्रॅममध्ये ते माऊसनं अक्षरं रंगवू लागले. पाटी रंगवताना मनगट टेकायला त्यांची एक काठी होती, टोकाला चिंध्या गुंडाळलेली. ती टेबलावर आडवी ठेवून, तिच्यावर मनगट टेकून, जीभ दातांत धरून ते एकेक अक्षर काढत. चार ओळींना दोन तास लागत. पण अक्षर असं उतरायचं की शेजारच्या मशीनवरची पोरं आपलं काम सोडून बघत बसायची.

लिहायचे काय, तर सांगलीतलं. गणपतीच्या देवळापुढचा रस्ता उकरलाय. पेठेतल्या अमक्याची पाटी मी केली, तमक्यानं दुसरीकडं केली आणि 'प्रोप्रायटर' चुकलं. आणि दर शुक्रवारी नवं रंगवायच्या आधी ते मला जुनं पुसायला लावायचे. मी सांगून बघितलं की पुसायची गरज नाही, 'नवीन नोंद' म्हटलं की जुनं आपोआप खाली सरकतं, साचा त्यासाठीच केलेला असतो. त्यांनी ते उडवून लावलं. "शिळा बोर्ड ठिवायचा न्हाई. थेटरात नव्या खेळाखाली जुनं नाव दिसलं तर लोक हसतील." म्हणजे रोजनिशीच्या जागेत आमची एकच नोंद होती. तीच दर शुक्रवारी पुसायची आणि तिच्यावरच नवं रंगवायचं. मी वाद घातला नाही. फक्त पुसण्याआधी प्रत्येक चित्र माझ्या फ्लॉपीवर उतरवून घेत गेले. प्रकल्पाला लागेल म्हणून. काकांना सांगितलं नाही, कारण पुसलेलं जपून ठेवणं त्यांना आवडलं नसतं.

रंगवायला लागल्यापासूनच्या चौथ्या शुक्रवारी काका नेहमीच्या वेळेआधी आले आणि खुर्ची माझ्याकडं पाठ होईल अशी फिरवून बसले. त्या दिवशी चार ओळींना दुपार पुरली नाही. मी मुद्दाम बघितलं नाही, पण चित्र चढवताना वाचावंच लागलं. विटकरी रंगात लिहिलं होतं:

"नंदा, पाटीवरचं नाव मी रागानं पुसलं. चूक माझी हाय. तू गेलीस ते बरं केलंस. एवढं सांगायला मला दोन वर्षं लागली. आण्णा."

मी चित्र चढवलं. काका म्हणाले, गेलं का? मी म्हटलं, गेलं. ते दोरी खिशात घालून निघून गेले. त्या दिवशी चहासुद्धा घेतला नाही.

पुढच्या शुक्रवारी ते हसत आले. द्राक्षं सुरू झाली होती, त्यावर लिहायचं होतं. बसल्या बसल्या म्हणाले, पूस. माझा हात माऊसवर थांबला. मनात आलं, महिन्यातून एकदा तिचा नंबर लागतो. गेल्या सात दिवसांत तो लागलाच असेल कशावरून? हे मी बोलायला पाहिजे होतं. एवढंच वाक्य होतं. पण काका वडिलांच्या वयाचे, मजकूर त्यांच्या घरातला, आणि मी कोण? "पूस की," ते पुन्हा म्हणाले. मी चित्र फ्लॉपीवर उतरवलं आणि पुसलं. त्या जागी द्राक्षांचा घड आला आणि यंदा माल कसा गोड आहे ते.

दहा दिवसांनी मोमीनसरांच्या पत्त्यावर नंदाचा मेल आला, इंग्रजी अक्षरांत लिहिलेलं मराठी. सरांनी तो छापून ठेवला होता आणि मी काकांना वाचून दाखवला. आण्णांचं पान आज पाहिलं. रंग छान आहेत. अक्षर अजून तसंच आहे. इकडेही द्राक्षं मिळतात पण गोडी नाही. तब्येतीला जपावं. नंदा.

"आणि?" काका म्हणाले.

मी कागद उलटा करून दाखवला. पुढं काही नव्हतं.

त्यांनी कागदाची घडी घातली. हळू आवाजात म्हणाले, वाचलं आन सोडून दिलं. बरोबर हाय तिचं. पुढच्या शुक्रवारी ते आले नाहीत. त्याच्या पुढच्याही नाही. पानावर द्राक्षं तशीच राहिली.

तिनं वाचलंच नव्हतं हे मला मेल वाचतानाच कळलं होतं. 'आज पाहिलं' असं तिनं लिहिलं होतं आणि त्या दिवशी पानावर द्राक्षंच होती. काकांना ते कळायचं कारण नव्हतं. त्यांच्या लेखी बोर्ड सात दिवस भर चौकात होता, म्हणजे सगळ्या गावानं वाचला. दोन आठवडे मी ते वाक्य मनात घोळवत हॉस्टेलवरून कॉलेजला आणि कॉलेजवरून हॉस्टेलला गेले. शेवटी एका रविवारी फ्लॉपी घेऊन त्यांच्या घरी गेले. काका ओट्यावर ब्रश धूत बसले होते. मी उभ्या उभ्याच सांगितलं, नाहीतर माझ्यानं झालं नसतं.

"काका, नंदाताईनं ते वाचलं न्हाई. ती बघायच्या आदी आपण पुसलं."

ब्रश पाण्यात राहिला. मी तारखा सांगितल्या, नंबर महिन्यातून एकदाच लागतो याची आठवण दिली. मी म्हटलं, परत लिहू या. त्यांनी मान हलवली. तसलं अक्षर एका जन्मात एकदाच निघतं, म्हणाले. तेव्हा मी पिशवीतून फ्लॉपी काढली आणि चोरी कबूल केली: आजवरचे सगळे बोर्ड हिच्यात आहेत, तुम्हाला न विचारता ठेवलेत.

मला वाटलं आता ओरडा बसणार. काकांनी हात सदऱ्याला पुसले, फ्लॉपी घेतली आणि उजेडात धरून आत अक्षरं दिसतात का ते बघितलं. मग पायात चपला घालत म्हणाले, "चल. आज शुक्रवार न्हाई, पण चल."

त्या दुपारी आम्ही साचा पुन्हा नवा केला. जुने सगळे बोर्ड एकाखाली एक दिसतील, प्रत्येकावर त्याची तारीख असेल, आणि मधे आमसुली पट्टी. काकांचं एकच म्हणणं होतं, ते विटकरी चित्र सगळ्यांत वर घाल. खाली कोण उतरून बघतंय? आणि इथं मी पहिल्यांदा त्यांना नाही म्हटलं. आवाज फारच बारीक निघाला, त्यांना दोनदा विचारावं लागलं. मी सांगितलं की वर घातलं तर ताईला वाटेल, माझा मेल आला म्हणून आण्णांनी लिहिलं. खाली, आपल्या तारखेला राहिलं, तर तिला दिसेल की कुणी न विचारता, आधीच लिहिलं होतं.

काका खुर्चीतून वळले. मग मोमीनसरांना म्हणाले, "आवं सर, मास्तरीण खरंच मास्तरीण झाली की." चित्र आपल्या जागी, वरून दुसरं, राहिलं. नंदाताईला मी मेल केला: पान शेवटपर्यंत खाली बघावं.

महिना गेला, उत्तर नाही. काका पुन्हा शुक्रवारी येऊ लागले, पण रंगवत नव्हते. बसायचे, मेल आला का विचारायचे आणि जायचे. मला झोप लागेना. आपणच मधे पडून काही बिघडवलं तर नाही, असं वाटायचं.

गुढीपाडव्याच्या आधीच्या शुक्रवारी मोमीनसरांच्या दारात एक उंच बाई उभी राहिली, हातात विमानाचं लेबल लावलेली बॅग. काका माझ्या शेजारीच बसले होते. ती म्हणाली, घराला कुलूप होतं, शेजारी म्हणाले आण्णा शुक्रवारी इथं असतात. काका उठले आणि काय करावं ते न सुचून चहा सांगायला रस्त्यावर गेले. चहावाला आमच्या दारातच होता, तरी ते पार पुढच्या चौकापर्यंत गेले.

नंदाताई त्यांच्या खुर्चीवर बसली. पान उघडायला सांगितलं आणि खाली उतरत त्या तारखेवर थांबली. मस्कतला छापून घेतलं होतं म्हणाली, पण तिथला छाप काळा. रंग पुन्हा एकदा बघायचा होता. "विटकरी," ती स्वतःशीच म्हणाली. मग मला विचारलं, नवीन नोंद कशी टाकतात? मी दाखवलं. काका चार कप घेऊन आले तेव्हा ती माऊसनं अक्षरं काढत होती. वाकडीतिकडी, एक मोठं, एक लहान. 'आण्णा, मी आले. तुमचं मिळालं.' काकांनी कप ठेवले. मागं उभं राहून त्यांनी चष्मा कपाळावर सरकवला.

"मात्रा चिकटली," ते म्हणाले.

"ऱ्हाऊ द्या आण्णा."

"ऱ्हाऊ दे," काका म्हणाले आणि खिशातला रुमाल शोधायला लागले.

ते पान पुढं दोघांचं झालं. ती परत गेल्यावर तिकडून लिहायची, हे इकडून रंगवायचे आणि कुणीच काही पुसायचं नाही. प्रकल्प पास झाला. कॉलेजातल्या सरांनी रंगांच्या यादीची वेगळी प्रत मागून घेतली. जूनमध्ये काका वाईला बहिणीकडं राहायला जाणार होते. निघायच्या दिवशी मी एस.टी. स्टँडवर गेले. गाडी लागायला वेळ होता. इतके दिवस पोटात ठेवलेलं मी तेव्हा सांगितलं, की त्या शुक्रवारी पुसतानाच मला शंका आली होती. तुम्ही मोठे, म्हणून बोलले नाही. बोलले असते तर तुमचे ते दीड-दोन महिने वाया गेले नसते.

काकांना राग आला नाही. उलट हसले. "आगं, मोठ्या माणसाला त्याची चूक ल्हानानंच सांगायची आस्ती. त्येच्या बरोबरीची माणसं भिऊन गप ऱ्हात्यात," असं म्हणून ते गाडीत चढले आणि खिडकीतून जागा धरायला पिशवी टाकणाऱ्या एका माणसाशी भांडू लागले. मला हात करायचं त्या भांडणात राहून गेलं.

आता मी कोल्हापूरला एम.एस्सी.ला आहे. वर्ग मोठा, सगळी शहरातली मुलं, इंग्रजी सफाईदार. गेल्या महिन्यात सरांनी फळ्यावर एक पायरी चुकीची लिहिली आणि तशीच पुढं चालले. सगळा वर्ग उतरवून घेत होता. मीही पेन टेकवलं होतं. वाटलं, आपणच चुकत असू. कुणीतरी दुसरं सांगेल. मग मी पेन खाली ठेवलं आणि हात वर केला. सरांनी वळून बघेपर्यंत मी तो खाली घेतला नाही.